डोळा चुकवून फिरणारी खोली

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते जेमतेम तेवढंच, साधारण २ अंशांचं. बाकी सगळं धूसर. मग पडद्यावर नजरेच्या कडेचं चित्र ढोबळ काढलं तरी कुणाला कळणार? मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ साली हे करून दाखवलं. २०२३ मध्ये आलेल्या सोनीच्या ‘प्लेस्टेशन व्हीआर २’ या आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये हीच युक्ती आहे.

संशोधक छी सुन यांची वाट त्याहून खोडकर. नजर एकीकडून दुसरीकडे उडी मारते, तेव्हा सेकंदाचे काही शतांश आपण जवळजवळ आंधळे असतो. (आरशात स्वतःचे डोळे हलताना पाहून दाखवा!) २०१८ साली सुन, ‘एनव्हिडिया’चे अंजुल पटनी आणि सहकाऱ्यांनी नेमक्या त्या फटीत हेडसेटमधलं दृश्य किंचित फिरवलं. माणसाला वाटतं, आपण सरळ चाललोय. प्रत्यक्षात तो छोट्याशा खोलीत वळत असतो, भिंतीला न धडकता.

आणि नजरेने पुरेशा उड्या मारल्याच नाहीत तर? दृश्याच्या कडेला हलकेच काहीतरी लुकलुकवायचं. डोळे आपसूक तिकडे जातात, तेवढ्यात दृश्य आणखी थोडं फिरलेलं असतं.