बाळाआधी बाळाचे डॉक्टर

सातवा महिना लागला की घरात ओटीभरणाची बोलणी सुरू होतात. आठव्यात लेक माहेरी येते. बाळंतपण कोणत्या दवाखान्यात करायचे, रात्री सोबतीला कोण राहणार, ऐनवेळी गाडी कोणाची, डिंकाच्या लाडवांसाठी खारीक-खोबरे कधी आणायचे, हे सारे नीट ठरते. येणाऱ्या बाळाला पाहणार कोण, हे मात्र बहुतेक घरांत ठरलेले नसते. आपल्या वर्धा जिल्ह्यात आर्वी असो की हिंगणघाट, देवळी असो की कारंजा, लहान मुलांच्या डॉक्टरांचा उंबरठा आपण प्रथम चढतो तो बाळ पिवळे पडल्यावर, तापल्यावर किंवा दूध ओढेनासे झाल्यावर. घाबरलेल्या माणसाला त्या घडीला काही नीट विचारता येत नाही आणि सांगितलेले लक्षातही राहत नाही. म्हणून ही पहिली भेट बाळ जन्मण्याआधी, सातव्या-आठव्या महिन्यातच व्हावी, असे माझे म्हणणे आहे. सधन घरांची हौस म्हणून मी ती सुचवत नाही. ज्या घरापासून दवाखाना लांब आहे, त्या घराला तिची गरज सर्वांत जास्त आहे.

याला आधार आहे तो आकड्यांचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी सुमारे 23 बाळे पहिला वाढदिवस पाहत नाहीत, आणि त्यांतली 16-17 बाळे पहिल्या 28 दिवसांतच जातात. म्हणजे वर्षभराच्या धोक्यातला दोन-तृतीयांशाहून मोठा वाटा पहिल्या महिन्याचा आहे. यावर दवाखान्यातले बाळंतपण हा उपाय आपण मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. त्याच पाहणीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसते. तरीही जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या मुलांचे प्रमाण केवळ 41.8 टक्के आहे. खाट होती, परिचारिका होती, आई होती, बाळ होते. तरी पहिला तास निसटला. सिझेरियन, प्रसूतिकक्षातली गर्दी, आईचा थकवा ही कारणे आहेतच. पण ‘अजून दूध उतरले नाही, तोवर वरचे देऊ’ हा निर्णय त्या तासात बहुधा कोणीतरी वडीलधारे घेते, आणि तो डोक्यात आधीपासून असलेल्या समजुतीवर घेतला जातो. ती समजूत बदलायची तर कळा सुरू होण्याआधीच बदलावी लागते.

या भेटीत बोलायचे काय? पहिल्या दोन-तीन दिवसांचे घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, थोडेच येते. पण पहिल्या दिवशी बाळाचे पोटही चमचाभर दुधाने भरावे इतके लहान असते. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि पुन्हा चढते. एवढे आधी कळले तरी डब्याच्या दुधाकडे वळणारा हात थांबतो. मधाचे बोट, गुटी आणि काजळ का टाळायचे, पहिली आंघोळ निदान एक दिवस पुढे का ढकलायची, कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी कसे धरायचे, जन्मानंतर 24 तासांच्या आत कावीळ-बी ची लस का द्यायची, हे शांतपणे समजून घेता येते. बाळ दूध ओढत नाही, अंग गार लागते, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त आहे, पहिल्याच दिवशी अंग पिवळे दिसते किंवा पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला आहे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहायची नाही, हेही पक्के होते. डॉक्टरांनाही आईची पूर्वपीठिका मिळते: आधीच्या बाळाला कावीळ झाली होती का, आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे का, साखर, रक्तदाब किंवा थायरॉइडचा त्रास आहे का. विदर्भात सिकलसेलचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही तपासणी खरे तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच व्हायला हवी. राहून गेली असेल तर या भेटीत तरी व्हावी, कारण निदान लवकर झाले तर औषधांनी आणि लसींनी जीवघेणे जंतुसंसर्ग टाळता येतात.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत प्रत्येक कुटुंबाने अशी भेट घ्यावी, असे पुन्हा सांगितले. पण आपल्याला दाखला शोधायला इतके दूर जायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. त्या गरोदर स्त्रीच्या घरी बाळंतपणाआधीच जात, आई-आजीशी बोलत आणि नंतर बाळावर लक्ष ठेवत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यूचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले होते. हे श्रेय एकट्या आधीच्या बोलण्याचे नाही. उपचार आणि वारंवार भेटी यांचाही त्यात वाटा आहे. पण त्या साखळीची पहिली कडी जन्माआधीची ओळख हीच होती. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात, त्यामागे गडचिरोलीचाच अनुभव आहे.

वर्ध्याला तर हा विचार नवा वाटू नये. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय 1945 मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठीच सुरू झाले. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये उभ्या केलेल्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि त्या गावातल्या कुटुंबांशी ओळख ठेवते. सुगीला घराघरातून ज्वारी घेऊन वर्षभराच्या उपचारांत सवलत देणारी विमा योजनाही याच रुग्णालयाने राबवली. आजारी पडण्याआधी डॉक्टरांशी नाते जोडावे, ही रीत इथे रुजलेली आहे. ती आता पोटातल्या बाळापर्यंत न्यायची आहे.

यावर आक्षेप येतील. बाळ हाती येण्याआधी त्याच्या डॉक्टरांचे नाव काढणे अनेकांना अशुभ वाटते. या भीतीला हसू नये. ज्या घरांनी पाळणे रिकामे पाहिले, त्या घरांतून ती आलेली आहे. पण त्या भीतीवरचा खरा उतारा तयारी हाच आहे, आणि सातव्या महिन्यात ओटी भरताना आपण बाळाच्या येण्याचा सोहळाच करत असतो. दुसरा आक्षेप असा की स्त्रीरोगतज्ज्ञ बाळाचे पाहतीलच. प्रसूतीच्या वेळी ते बालरोगतज्ज्ञांना बोलावतात, हे खरे; पण दवाखान्यातून सुटी झाल्यावर मध्यरात्री कोणाकडे धावायचे, हा प्रश्न उरतोच. आणि पहिले बाळंतपण माहेरी होत असल्यामुळे तो दुहेरी होतो: सव्वा महिना माहेरचे डॉक्टर आणि पुढे सासरचे. दोन्ही नावे आधी ठरलेली असावीत आणि बाळाचे कागद आईबरोबर सासरी जावेत. आजीचा अनुभव आहे की, असेही कोणी म्हणेल. म्हणूनच या भेटीला आजीला सोबत न्यावे. घरातला शब्द तिचा चालतो. शेक, स्वच्छता, मायेचा हात हे तिचे ज्ञान मोलाचेच आहे. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे तिच्यासमोर बोलले गेले तर सुनेला किंवा लेकीला पुढे वाद घालावा लागत नाही.

सर्वांत खरा आक्षेप पैशांचा आणि डॉक्टरांच्या तुटवड्याचा आहे. सरकारी ओपीडीत रांग मोठी असते आणि खेड्यातून वर्ध्याला यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. पण 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. स्त्री आलेली असतेच. त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांनी सात-आठ महिन्यांच्या दहा-बारा जणींशी एकत्र अर्धा तास बोलावे. जिथे बालरोगतज्ज्ञ नाहीत, तिथे वैद्यकीय अधिकारी किंवा प्रशिक्षित परिचारिकेने बोलावे. त्याला नवी इमारत लागत नाही की नवे यंत्र. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात मोफत उपचार आणि वाहन मिळण्याची तरतूद 2011 पासून आहे, हेही तिथेच सांगावे. हक्क माहीत असेल तरच तो वेळेवर मागता येतो.

ज्यांच्या घरी सातवा-आठवा महिना सुरू आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे: येत्या 9 तारखेला तपासणीला जाताना बाळाच्या वडिलांना आणि आजीला बरोबर न्या, आईचे सारे कागद सोबत ठेवा, बाळाला कोण पाहणार ते विचारा आणि ते नाव व फोन नंबर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. बाळाच्या दुपट्यांबरोबर तो कागदही तयार असू द्या.