कारागिराचा हात आणि कारखान्याचा उंबरठा

हुबळी-कारवार मार्गावरील कलघटगी हे गाव लाखेच्या रंगांनी चितारलेल्या लाकडी पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. रामायण-महाभारतातील प्रसंग त्यांवर रंगविण्याची ही कला मोजक्याच घराण्यांनी जतन केली आहे. अशा कामात हाताला वळण लागण्यास आयुष्याचा मोठा काळ खर्ची पडतो. आणि ते वळण पक्के होते न होते तोच गुडघे दुखू लागतात, दृष्टी मंदावते. खाली बसवत नाही म्हणून कारागीर घरी राहिला, तर त्याची विद्याही त्याच्याबरोबर घरीच राहते. जवळच्या तारिहाळ अथवा बेलूर औद्योगिक वसाहतीतील कामगारासही हेच लागू पडते.

अपंगत्व केवळ शरीरात असते, ही समजूत अपुरी आहे. एका पायाने अधू असलेला जोडारी यंत्रापुढे कोणाहून उणा नसतो. दाराशी असलेल्या पायऱ्या मात्र त्याला अडवितात. यास्तव माणसाला बाहेर ठेवण्याऐवजी जागा बदलणे हाच खरा उपाय होय.

हे बदल फारसे खर्चाचे नसतात. केंद्र शासनाच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उतरणीचे प्रमाण एकास बारा असावे. म्हणजे अर्धा फूट उंचीच्या जोत्यास सहा फूट लांबीचा उतार पुरतो. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असल्यास चाकाची खुर्ची सहज आत येते. साठीच्या डोळ्यात विशीच्या तुलनेने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून कामाच्या जागी जादा दिवा हवा. ऐकू न येणाऱ्यांसाठी धोक्याच्या भोंग्यास लुकलुकणाऱ्या दिव्याची जोड द्यावी. कमीअधिक उंचीचे मेज, टेकून बसण्याची सोय आणि ओझ्यासाठी हातगाडी यांचा लाभ धडधाकट कामगारांनाही होतो.

जर्मनीतील डिंगॉल्फिंग येथे बी. एम. डब्ल्यू. मोटार कंपनीने २००७ साली असा प्रयोग केला. सरासरी ४७ वर्षे वयाच्या कामगारांच्या एका तुकडीसाठी लाकडी जमीन, बसण्याची सोय, भिंगे असे सुमारे ७० लहान बदल करण्यात आले. त्यांपैकी बरेच स्वतः कामगारांनी सुचविलेले होते. वर्षभरात तेथील उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करणे आवश्यक आहे. शासकीय सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास त्या कारणास्तव काढून टाकता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसल्यास त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते.

तथापि कायदा उंबरठ्यापर्यंतच पोहोचतो. उंबरठा काढावा लागतो तो माणसांनीच. शिक्षकांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना तांत्रिक शिक्षणाची वाट दाखवावी, ग्रामसेवकांनी प्रमाणपत्रासाठी साहाय्य करावे आणि कारखानदारांनी कोणताही बदल योजण्यापूर्वी एक साधा प्रश्न कामगारालाच विचारावा : तुम्हाला नेमके कोठे अडते?