घाटावरचं अमडापूर

चिखलीहून खामगावला जाताना अमडापूर लागतं. बहुतेक जण गाडीच्या काचेतूनच पाहतात आणि पुढे निघतात, याची मला फार हळहळ वाटते.

गावाची ओळख म्हणजे टेकडीवरची बल्लाळदेवी. नवरात्रात इथं यायलाच हवं! वर उभं राहिलं की खाली काळ्या जमिनीत सोयाबीन आणि कपाशीची शेतं दिसतात. आपल्या बुलडाण्यात माणसं पत्ता सांगतानाही ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ हे आधी सांगतात. अमडापूर घाटावरचं, खामगाव घाटाखालचं.

इतिहास वऱ्हाडाचाच. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

एक दिवस हाताशी असेल तर चिखली तालुक्यातलीच साकेगाव आणि सातगाव भुसारीची हेमाडपंती मंदिरं जोडून घ्या. चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून रचलेल्या त्या भिंतींवरून एकदा हात फिरवून पाहा. मी तर दर वेळी तिथंच रेंगाळतो. टेकडीवर मात्र सकाळीच चढा, उन्हं तापायच्या आत.