विलंबित जन्मनोंद व नागरिकत्वाचा प्रश्न

जन्मनोंदीची पद्धती मुळात लोकसंख्येचा हिशेब व सार्वजनिक आरोग्य यांसाठी अस्तित्वात आली. परंतु २०२५ च्या आरंभी अमरावती व अकोला या जिल्ह्यांत हीच नोंद सीमासुरक्षेच्या राजकीय वादाचा विषय बनली. बांगलादेशाची सीमा येथून हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. इतक्या दूरचा वाद तहसील कचेरीत कसा येऊन पोहोचला, हे समजण्यासाठी प्रथम कायद्याकडे वळले पाहिजे.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम १३ नुसार, एक वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून होत नसे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी अथवा जिल्हादंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांजकडे आला. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. न्यायालयाचे काम अशा रीतीने महसुली कचेरीकडे गेले.

यानंतर मालेगाव, अमरावती, अकोला इत्यादी ठिकाणी बांगलादेशी व रोहिंग्या स्थलांतरितांना विलंबित जन्मदाखले मिळाले, असा आरोप भारतीय जनता पक्षाचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी केला. राज्यशासनाने जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमले व असे दाखले देणे स्थगित केले. १२ मार्च २०२५ च्या निर्णयाने पुरावे, जाहीर सूचना व पोलिसांचा अभिप्राय यांचा अंतर्भाव असलेली नवी कार्यपद्धती घालून दिली. ११ ऑगस्ट २०२३ नंतर नायब तहसीलदारांनी दिलेले दाखले रद्द करण्याचा आदेशही शासनाने काढला. उलट पक्षाचे म्हणणे असे की, अर्जदार बहुतांशी पिढ्यान् पिढ्या येथेच राहणारे असून एका विशिष्ट समाजाकडे संशयाने पाहिले जात आहे.

या वादात तीन भिन्न प्रश्नांची सरमिसळ झालेली दिसते. दाखला देणाऱ्यास तसा अधिकार होता काय, हा पहिला प्रश्न. जोडलेले कागद खरे होते काय, हा दुसरा. अर्जदार परदेशी आहे काय, हा तिसरा. नायब तहसीलदार प्राधिकृत नसल्यास दाखला दोषास्पद ठरेल. परंतु तेवढ्यावरून अर्जदार परकीय ठरत नाही. कागद बनावट असल्यास तो गुन्हा होय. तरीही त्यामागे शाळाप्रवेशाची निकड आहे की राष्ट्रीयत्व लपविण्याचा हेतू, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

दुसऱ्या बाजूने, खरा दाखलाही नागरिकत्वाचा पूर्ण पुरावा नव्हे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ याच्या कलम ३ प्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, काही अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरते. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याच्या बाबतीत माता वा पिता यांपैकी एक नागरिक असणे आवश्यक आहे. पुढील जन्मांसाठी दोघेही नागरिक असावेत, अथवा एक नागरिक असून दुसरा अवैध स्थलांतरित नसावा, अशी अट आहे. दाखला स्थळ व काळ सांगतो. मातापित्यांचे नागरिकत्व सांगत नाही. मात्र खोट्या तारखेने अर्जदाराचा जन्म १९८७ पूर्वीचा दाखविला गेला, तर कायद्याचे फळच बदलते. सुरक्षेविषयीची चिंता म्हणूनच सर्वथा निराधार म्हणता येत नाही.

वऱ्हाडात जुन्या जन्मांचा माग काढण्याची साधने मात्र आहेत. गावोगावच्या जन्ममृत्यूंची कोतवाल पंजी व शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे जातपडताळणीच्या कामी आजही पुरावा म्हणून पुढे येतात. पण या साधनांनाही मर्यादा आहे. घरी बाळंतपण झालेली, शाळेत न गेलेली स्त्री, कामासाठी गावोगाव फिरणारा मजूर किंवा फासेपारध्यांसारख्या भटक्या समाजातील व्यक्ती यांचे नाव त्यांत सापडेलच असे नाही. नोंदीचा अभाव हा परकीयत्वाचा पुरावा मानला, तर त्याचा भार प्रथम याच लोकांवर पडतो. कारण परकीय नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने संबंधित व्यक्तीवरच टाकलेली आहे.

सारांश, कचेरीतील दोषाची दुरुस्ती, बनावट कागदांविरुद्धचा खटला व राष्ट्रीयत्वाचा निर्णय या तीन कार्यांची अधिकारस्थाने व पुराव्याच्या कसोट्या निरनिराळ्या आहेत. एकाचा निष्कर्ष दुसऱ्यावर लादल्यास खरा घुसखोर निसटण्याचा आणि खरा वऱ्हाडी नागरिक संशयित ठरण्याचा, असे दोन्ही धोके एकाच वेळी संभवतात.