मुसळीचे गणगोत

आपल्या बोरिवलीचे नाव लॅटिन भाषेत जाऊन बसले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डोंगरपायथ्याच्या रानात पहिल्या पावसाबरोबर उगवणाऱ्या पांढऱ्या मुसळीचे शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’. मुंबईच्या झेवियर कॉलेजात अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकविणारे स्पॅनिश फादर सांतापाव आणि त्यांच्याबरोबर फर्नांडिस यांनी १९५० नंतरच्या दशकात तिचे हे बारसे केले.

मराठी नाव मात्र मुसळावरून आलेले. मुळेच तशी जाड असतात. या नावाखाली बाजारात जे काही खपते ते पाहिले म्हणजे भाषेच्या माणसालाही हसू येते. काळ्या मुसळीचेच पाहा ना! नाव बहिणीचे, पण कूळ वेगळे. तिचे फूल पिवळे, चांदणीसारखे, अगदी जमिनीलगत उमलणारे. पांढरीच्या फुलाशी त्याची गल्लत होण्याचे कारणच नाही.

खरी पंचाईत करते ती सख्खी बहीण, कुळी. ठाणे-रायगडाकडे हिलाच फोडशी किंवा कुलू म्हणतात, आणि आषाढात हिच्या कोवळ्या पानांच्या जुड्या बाजारात येतात. कांदा आणि मुगाची डाळ घालून केलेली ही भाजी ज्याने खाल्ली नाही त्याचा पावसाळा फुकट गेला, असे माझे मत आहे. दोघींचीही पाने लांबट, गवतासारखी. दोघींच्याही फुलाला सहा शुभ्र पाकळ्या आणि सहा पिवळे केसर. मात्र कुळीचे फूल ठसठशीत मोठे; मुसळीची फुले लहान, दांड्यावर तिघातिघांच्या झुबक्यांनी लागलेली. निर्णायक खूण मुळांत आहे. मुसळीची मांसल मुळे बुंध्यापासूनच जाड, खाली निमुळती होत गेलेली. कुळीची मुळे दोऱ्यासारखी बारीक, आणि त्यांच्या टोकांना कंद लोंबणारे.

पण ही खूण पाहायची तर झाड उपटावे लागते, आणि उपटले की ते संपले. भाजी खुडणारी आदिवासी बाई फक्त पाने घेते. कंद जमिनीत राहतो, पुढच्या मृगात पुन्हा फुटतो. औषधासाठी खणणाऱ्याला कंदच हवा असतो. त्याच्या पोत्यात मुसळीबरोबर कुळीही जाते, कित्येकदा बी धरण्याच्या आधीच. शेतात लागवड सुरू झाली, तरी रानावरची नजर हटलेली नाही. म्हणून ओळख पटवायची ती फुलावरूनच, गुडघे टेकून.

आता दिवाळीत पाने पिवळून गळालेली असतील; रानात जाऊन काही दिसायचे नाही. तोवर सराव हवा असेल तर गॅलरीतल्या कुंडीकडे वळा. लांब दांड्यांवर पिल्ले लोंबकळणारे ते ‘स्पायडर प्लांट’ मूळचे आफ्रिकेचे, पण याच क्लोरोफायटम घराण्यातले. त्याला फूल आले की पाकळ्या मोजून पाहा.