११००२२ आणि कापरेकरांचं गणित

दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या बऱ्याच घरांच्या पत्त्यात शेवटी ११००२२ हा पिनकोड असतो. सहा अंकांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावं, नाना भाषा, न लागणारं अक्षर यांतून पत्र वाट चुकू नये, एवढ्यासाठी हे अंक. त्यांचं गणित जमावं म्हणून कुणी ते निवडले नव्हते.

तरी ते जमतं. दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा: ११, ००, २२. तिन्हींना ११ ने भाग जातो, म्हणून अख्ख्या संख्येलाही जातो. पूर्ण फोड केली की २, ३, ११ आणि १६६७ या चार मूळ संख्या हाती येतात. अंकांची बेरीज ६, आणि ११००२२ भागिले ६ बरोबर १८३३७, बाकी शून्य. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्येला ‘हर्षद’ म्हणतात. शेजारच्या भिकाजी कामा प्लेसचा ११००६६ मात्र हर्षद नाही.

हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तरकी. गणितातली पदव्युत्तर पदवी नव्हती. देशातल्या विद्वानांनी त्यांचं काम बराच काळ गांभीर्याने घेतलं नाही, आणि ही उपेक्षा आजही सलते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

त्यांचा ६१७४ सर्वांना ठाऊक आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर तेच पुन्हा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच ठाण मांडतो.

सहा अंकांना इतकं सरळ उत्तर नाही. ११००२२ घेऊन बघू. २२११०० वजा ००११२२ म्हणजे २१९९७८. पुढे ८७०८२२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि सातव्या वजाबाकीला ४२०८७६. इथे थांबा येत नाही. ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि परत ४२०८७६! सात संख्यांचं हे रिंगण कधीच सुटत नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन सहा अंकी संख्या मात्र ६१७४ सारख्याच जागच्या जागी राहतात.

यातल्या प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो, कारण अंकांची अदलाबदल केली तरी त्यांची बेरीज तीच राहते. वजाबाकीत ९ ने भागल्यावरची बाकी उडून जाते. आणि सहा अंकी संख्या मोजक्याच असल्याने कधी ना कधी आधीची संख्या पुन्हा यावीच लागते.

आता कापरेकरांच्या देवळाली कॅम्पचा पिन, ४२२४०१, लावून पाहा. ४४२२१० वजा ०१२२४४ म्हणजे ४२९९६६. मग ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. आर. के. पुरम सातव्या पायरीला ज्या रिंगणात शिरतं, तिथे देवळाली चौथ्यालाच पोचते.