पैठणहून दहा दिवसांवर

जालन्याहून जिंतूरकडे जाताना देवगाव फाटा लागतो आणि तिथून सेलूचा रस्ता फुटतो. एका ग्रीक ग्रंथाचा शब्द न् शब्द खरा मानला, तर प्राचीन तगर नगर याच वाटेने थोडं पुढे, परभणीच्या आसपास शोधावं लागेल. ते इथे नव्हतं. ते इथे नव्हतं हे कसं ठरलं, ते मात्र समजून घेण्यासारखं आहे.

‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं, ग्रीक भाषेतलं, समुद्री व्यापाराचं माहितीपुस्तक. त्यानुसार भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरचं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात उतरे.

भडोच आणि पैठण जागेवरच आहेत, नावंही टिकली आहेत. म्हणून मोजणी तिथूनच सुरू करायची. दोन्हींत सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर अंतर आहे. वीस दिवसांनी भागलं की दिवसाला साडेसतरा. वळणं आणि घाट धरले तर बैलगाडीला एवढंच झेपतं. दहा दिवसांचे झाले दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर. आता पैठणभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. पूर्वेची रेषा देवगाव फाट्याजवळून जाते आणि परभणी–वसमतच्या दरम्यान वर्तुळाला भिडते.

अभ्यासकांनी तगरसाठी देवगिरी, जुन्नर, कोल्हापूर अशी नावं सुचवली होती. देवगिरी पैठणहून जेमतेम तीन-चार दिवसांवर. जुन्नरचं अंतर जुळतं, पण ते थेट पश्चिमेला. कोल्हापूर फारच लांब. १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी तेरणाकाठच्या, आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या तेरवर बोट ठेवलं. पैठणहून तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, पण आग्नेयेला. दिशेतला एवढा फरक मला चालतो, कारण बंदरात बसून ऐकीव माहिती टिपणाऱ्याची दिशा अंतरापेक्षा लवकर चुकते.

नावही साथ देतं. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. नगरचं नयर आणि नेर होऊन संगमनेर, पारनेर झाली, तसंच तगरचं तयर आणि तेर. इ.स. ६१२ च्या चालुक्य ताम्रपटात तगरच्या रहिवाशाचा उल्लेख आहे आणि शिलाहार राजे स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवत. त्यावरून शहर होतं हे कळतं, कुठे होतं हे नाही.

ते मातीला विचारावं लागतं. १९५८ पासून तेरमध्ये उत्खननं झाली आणि सातवाहनकाळातली भरभराटीची वस्ती उघडी पडली. तिथल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या पाहताना कडेची शिवण शोधावी. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत काढून जोडण्याची ही रीत रोमन जगाशी आलेल्या संबंधातून रुजली असं मानतात. तेरमध्ये मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नातं सांगणारी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती. तशाच घडणीचा हस्तिदंत जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही मिळाला आहे. म्हणून हा पुरावा व्यापाराचा, नावाचा नव्हे. अंतर, नाव आणि माती तिन्ही एका जागी जुळतात, म्हणून तेरचा दावा भक्कम.

होमरच्या महाकाव्यांतली शहरंही अशीच शोधली गेली. ट्रॉयसाठी हाइनरिश श्लीमान यांनी तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकाडात मोठा चर खणला. जागा बरोबर निघाली, पण घाईत वरचे थर उद्ध्वस्त झाले. १८७३ मध्ये सापडलेला खजिना त्यांनी महाकाव्यातल्या ट्रॉयच्या राजा प्रियामचा ठरवला, तो प्रियामच्या मानल्या गेलेल्या काळाच्या हजारावर वर्षं आधीचा निघाला. ग्रीसमधल्या पायलॉसला नशीब उघडलं: १९३९ मध्ये मातीच्या लिखित पाट्या मिळाल्या आणि १९५२ मध्ये त्या लिपीचा उलगडा झाल्यावर गावाचं नावच त्यांत वाचता आलं.

आपल्या मराठवाड्यात गावोगाव पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, टेकाडं आहेत आणि त्यांची माती खत म्हणून शेतात जाते. खापरं थरातून हलली की साक्ष संपली. देवगाव फाट्याच्या शिवारात असो वा कुठेही, नांगराला जुनं नाणं, मूर्ती, मणी लागले तर जागा तशीच ठेवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. आणि एकदा तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय जरूर पाहून या.